सावनीचा कॉम्प्युटर आणि समोरची कंपनी

अमेरिकेतल्या वाळवंटात वसलेल्या चँडलर गावातल्या मराठी मंडळींत कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा झाला की पहिला फोन त्र्यंबकरावांना जायचा. त्याला कारणही तसंच होतं. त्र्यंबकराव प्रोसेसर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत होते, आणि जो माणूस प्रोसेसर बनवतो त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळत असणार, हे उघडच आहे. निदान लोकांना ते उघड वाटायचं. प्रत्यक्षात प्रोसेसर तयार व्हायला शेकडो पायऱ्या लागतात आणि त्यातली एकच त्र्यंबकरावांच्या वाट्याला आलेली होती: सिलिकॉनच्या चकत्या घासून गुळगुळीत करणं. चकती त्यांच्याकडे यायची ती ओबडधोबड आणि जायची ती आरशासारखी. पुढे तिचं काय होतं, ती कुठे बसते, कशी चालते, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मात्र ‘मला नाही बुवा माहीत’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नसे. ते फोनवर जरा थांबत, घसा साफ करत आणि म्हणत, “बजेट किती, त्यावर आहे.” हे उत्तर कधीच चुकत नाही.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी सुलभाताईंची भाची सावनी नाशिकहून स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं एमएस करायला आली. युनिव्हर्सिटी टेंपीला, म्हणजे चँडलरहून गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर. सावनीची आई, सीमाताई, फोनवर म्हणाल्या की पोरीला कॉम्प्युटर लागणार, तिकडे तो काय भावात पडेल कोण जाणे. सुलभाताईंनी क्षणाचाही विचार केला नाही.

“अगं ताई, हे आहेत ना! हे सुटे पार्ट आणून घरी जोडून देतील. निम्म्या पैशात. ह्यांच्या हातचा मळ आहे तो.”

त्र्यंबकराव समोर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर जरा वर धरला.

सावनी शांत मुलगी होती. कुठल्याही गोष्टीला ती “चालेल, काका” म्हणायची. पाचशे डॉलरच्या आत बसवायचाय? चालेल. मॉनिटर सेकंडहँड घेऊ? चालेल. त्र्यंबकरावांना वाटलं, गिऱ्हाईक असावं तर असं. तिला फक्त एक सॉफ्टवेअर चालवायचं होतं, पुलांवर भार टाकून ते कुठे वाकतात हे बघायचं. लॅबमध्ये ते होतं, पण तिथे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच रांग लागायची.

आता सल्ल्यांचा मोसम सुरू झाला. शेजारच्या टाउनहाउसमध्ये अवधूत आणि उल्का राहत. अवधूत एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहायचा आणि जगातल्या प्रत्येक वस्तूवर त्याचं मत तयार असायचं. त्या रविवारी तो मिसळ खायला म्हणून आला आणि पाव संपेपर्यंत बोलत राहिला.

“त्र्यंबकराव, रागावू नका, पण पाचशेच्या आत करायचं तर प्रोसेसर समोरच्या कंपनीचा घ्या. यार, स्वस्त आहे, थंड राहतो आणि पळतोही जास्त.”

सुलभाताईंनी कांद्याची ताटली उगाचच सरकवली. समोरची कंपनी म्हणजे त्र्यंबकरावांच्या कंपनीची एकुलती एक वैरीण. तिचं नाव त्या घरात घेतलं जात नसे; घ्यायची वेळ आली तर ‘ते लोक’ म्हणत.

“अवधूत,” त्र्यंबकराव धीरगंभीर आवाजात म्हणाले, “मी ज्यांचं मीठ खातो…”

“मीठ खा हो तुम्ही. प्रोसेसर तिला हवाय.”

“माझ्या घरात त्या लोकांचा प्रोसेसर येणार नाही. विषय संपला.”

सावनीकडे सगळ्यांनी बघितलं. ती म्हणाली, “चालेल, काका.”

उल्काचा सल्ला वेगळ्या जातीचा होता. ती रिबेटवाली. अमुक वस्तू घ्या, खोक्यावरचा बारकोड कापा, पावतीसोबत पोस्टानं पाठवा, दोन महिन्यांनी चेक येतो. त्यांच्या घरातला टोस्टर, व्हॅक्यूम क्लीनर, प्रिंटर, एवढंच काय, तीन प्रिंटर, सगळे रिबेटचे होते. “आधी कापा, मग खोकं उघडा,” ती बजावून म्हणाली. “तारीख चुकली की गेलं. मी तर पार्किंगमध्येच कापते. पर्समध्ये कात्री असते माझ्या.”

त्र्यंबकरावांना हे पटलं. शनिवारी ते जाऊन मदरबोर्ड घेऊन आले. ऑगस्टमधल्या चँडलरमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेली वस्तू घरी पोचेपर्यंत शिजते, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मदरबोर्ड पुढच्या सीटवर बसवला, त्याला पट्टा लावला आणि एसीची सगळी तोंडं त्याच्याकडे वळवली. सुलभाताई मागच्या सीटवर साडीच्या पदरानं वारा घेत होत्या. घरी आल्याआल्या त्र्यंबकरावांनी बारकोड कापला, पाकिटात घातला आणि तो टपाल पेटीत टाकून आले. बाजू सुरक्षित झाली.

राहिला प्रोसेसर. तो कंपनीकडूनच सवलतीत घ्यायचा होता, पण ही सवलत फक्त ‘निकटच्या कुटुंबा’साठी. त्र्यंबकरावांनी अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं: पत्नीच्या बहिणीची मुलगी. दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंची ईमेल आली की हे नातं आमच्या यादीत नाही. त्र्यंबकरावांनी उत्तर लिहिलं. आमच्याकडे मावशी ही आईच मानली जाते, सबब मावशीचा नवरा कोण, हे आपण सुज्ञपणे जाणालच. बाईंनी विचारलं की मग आपण मुलीचे वडील आहात का? यावर त्र्यंबकरावांनी लिहिलेलं उत्तर सुलभाताईंनी वेळीच वाचलं म्हणून गेलं नाही. शेवटी बाईंनीच सुचवलं की स्वतःसाठी घ्या आणि भेट द्या. त्र्यंबकरावांना ही पळवाट कमीपणाची वाटली, पण घेतली.

प्रोसेसर आला त्या संध्याकाळी घरात सण होता. सावनी बसनं आली होती. सुलभाताईंनी शिरा केला होता. त्र्यंबकरावांनी खोकं उघडलं, प्रोसेसर दोन बोटांत धरून उलटा केला आणि त्यांचा चेहरा पडला.

“पिना कुठायत?”

मदरबोर्डवर बारीक बारीक भोकं होती, शेकड्यांनी. त्यात जायच्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एवढं त्र्यंबकरावांनाही ठाऊक होतं. पण हे पोट सपाट होतं. त्यावर नुसते सोनेरी ठिपके.

“वाटेत गळल्या असतील,” सुलभाताई म्हणाल्या.

हे त्र्यंबकरावांना तेव्हा पूर्णपणे शक्य वाटलं, ह्यावरून त्यांच्या मनाची अवस्था कळावी. त्यांनी खोक्यातला फोम उलटासुलटा केला, झटकला. सुलभाताई विजेरी घेऊन आल्या. मग तिघंही गालिच्यावर गुडघे टेकून पिना शोधू लागली. सुलभाताईंना एक सेफ्टी पिन सापडली आणि सावनीला हरवलेलं कानातलं. नेमका त्या वेळी अवधूत दार ढकलून आत आला. त्यानं प्रोसेसर हातात घेतला, मदरबोर्डाकडे बघितलं आणि सोफ्यावर बसून घेतलं, कारण हसताना त्याला उभं राहता येईना.

“अहो, हा नवा प्रकार आहे. ह्याला पिना नसतातच. पिना आता मदरबोर्डवर असतात, प्रोसेसर नुसता वर ठेवायचा. तुम्ही आणलाय तो बोर्ड जुना. त्र्यंबकराव, हे तुमच्याच कंपनीनं काढलंय ना?”

त्र्यंबकरावांनी त्याच्या हातून प्रोसेसर घेतला आणि परत खोक्यात ठेवला. मग म्हणाले, “माझ्याकडे फक्त घासायचं काम असतं.”

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. सुलभाताईंनी शिरा वाढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मदरबोर्ड परत करायला गेले तर काउंटरवरच्या माणसानं खोकं चारही बाजूंनी फिरवलं. एका बाजूला चौकोनी खिडकी होती. त्या खिडकीतून त्यानं त्र्यंबकरावांकडे बघितलं.

“बारकोड?”

“तुम्हालाच पाठवला.”

“आम्हाला नाही, रिबेट सेंटरला. बारकोड नाही तर रिटर्न नाही, सर.”

“मग तो बारकोड रिबेट सेंटरकडून परत मागवतो.”

“ते देत नाहीत, सर.”

“मग मी काय करू?”

“रिबेटची वाट बघा,” तो माणूस मनापासून म्हणाला.

प्रोसेसरही परत जाईना, कारण सवलतीत घेतलेला माल परत घेत नसत. म्हणजे घरात आता मदरबोर्ड होता तो प्रोसेसर नसलेला आणि प्रोसेसर होता तो मदरबोर्ड नसलेला. दोघंही उपवर, पण पत्रिका जुळेना. नव्या प्रोसेसरला चालेल असा बोर्ड महाग होता. त्या बोर्डला मेमरी नव्या जातीची लागत होती. त्या सगळ्याला पुरेल असा पॉवर सप्लाय वेगळाच होता. त्र्यंबकरावांनी बेरीज करायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. तिकडे सेमिस्टर सुरू झालं होतं. सावनी सकाळी क्लास, दुपारी लायब्ररीत नोकरी आणि संध्याकाळी लॅबच्या रांगेत. एकदा सुलभाताईंनी फोन केला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

“काही नाही गं मावशी. असाइनमेंटला एक दिवस उशीर झाला, मार्क कापले. चालेल.”

सुलभाताईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्र्यंबकरावांना वाटलं. सगळ्याला ‘चालेल’ म्हणणाऱ्या मुलीचं काय चालत नाहीये हे आपण कधी विचारलंच नाही, हेही त्यांना तेव्हाच वाटलं.

दुसऱ्या शनिवारी ते बेसबॉलची टोपी आणि काळा चष्मा घालून बाहेर पडले. चँडलरमध्ये उन्हाळ्यात असा वेष संशयास्पद दिसत नाही, हीच काय ती सोय. मुद्दाम लांबचं दुकान गाठलं. समोरच्या कंपनीचा प्रोसेसर आणि त्याला जुळणारा मदरबोर्ड एकत्र, तोही सेलमध्ये. खोक्यावर त्या लोकांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं होतं की त्र्यंबकरावांनी ते छातीशी उलटं धरलं. पण उलट्या बाजूलाही तेच नाव होतं. ‘ह्या लोकांना लाज म्हणून नाही,’ असं मनाशी म्हणत ते वळले, तर समोर डग.

डग म्हणजे त्यांचा मॅनेजर. त्याच्या हातात व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशव्या होत्या.

“त्रिंबक! हॅट छान आहे.” मग त्याची नजर खोक्यावर गेली. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “हे… तू घेतोयस?”

त्र्यंबकरावांच्या डोळ्यांसमोरून बरंच काही गेलं. ग्रीन कार्डाचा अर्ज, घराचे हप्ते, सुलभाताईंचा चेहरा. त्यांनी खोकं आणखी घट्ट धरलं.

डगनंच त्यांची सुटका केली. “थांब. ओ माय गॉड. कॉम्पिटिटिव्ह अ‍ॅनालिसिस? त्यांचा माल तपासायला?”

“येस,” त्र्यंबकराव म्हणाले.

“शनिवारी? स्वतःच्या खिशातून?”

“येस.”

डगनं पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांचा हात दाबला. त्याचे डोळे पाणावल्यासारखे वाटले. कदाचित दुकानातल्या एसीमुळे असेल. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यानं सगळ्यांसमोर ही गोष्ट सांगितली. आपल्यात असा एक माणूस आहे, वगैरे. त्र्यंबकरावांना समोरच्या कंपनीच्या पॅकेजिंगवर चार पानी रिपोर्ट लिहावा लागला. त्यासाठी त्यांनी खोकं सगळ्या बाजूंनी मोजलं आणि ‘पुठ्ठा मजबूत आहे’ असा निष्कर्ष काढला. महिन्याच्या शेवटी कँटीनकडे जाणाऱ्या भिंतीवर त्यांचा फोटो लागला, खाली लिहिलेलं: निष्ठा. जेवायला जाताना त्र्यंबकराव त्या भिंतीकडे न बघता, दुसऱ्या बाजूच्या अग्निशामक नळकांड्याकडे बघत जात. घरी त्यांनी हे फक्त सुलभाताईंना सांगितलं. त्यामुळे मराठी मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगपर्यंत ते सगळ्यांना माहीत झालं होतं. “निष्ठावंत आले,” असं म्हणून अवधूत त्यांना खुर्ची द्यायला उठायचा.

जुळणीचा दिवस ठरला. इथे मात्र त्र्यंबकराव आपल्या प्रांतात होते. त्यांचं सगळं आयुष्य कारखान्यातल्या धूळबंदीच्या स्वच्छ खोलीत, पांढऱ्या बुरख्यात गेलेलं. त्यांनी जेवणाच्या टेबलाभोवती नियम लावले. कुणी शिंकायचं नाही, पावडर लावून यायचं नाही, फोडणी तर मुळीच नाही. सुलभाताईंनी हॉटेलांतून गोळा केलेल्या प्लॅस्टिकच्या शॉवरकॅप काढल्या आणि सावनीसह सगळ्यांना घालायला लावल्या. उल्का डोकावली, टेबलाभोवतीची मंडळी बघून म्हणाली, “ऑपरेशन कुणाचं आहे?” आणि तिलाही एक टोपी मिळाली. पडून राहिलेल्या त्या दोन उपवर पार्टांना ती इंटरनेटवरच्या लिलावात खपवून देणार होती, म्हणून न्यायला आली होती.

त्र्यंबकरावांचे हात मात्र बघण्यासारखे होते. एकदा काम हातात आल्यावर त्यांनी घाई केली नाही. प्रोसेसर अलगद खाचेत बसवला, पंखा दाबताना श्वास रोखला, एकेक स्क्रू पुसून लावला. माहितीपत्रक सावनी मोठ्यानं वाचत होती आणि न समजलेलं वाक्य ती पुन्हा, जरा हळू वाचायची. ‘ह्याचा अर्थ काय’ असं कुणीही कुणाला विचारलं नाही. अवधूत मागे उभा राहून काही सुचवू लागला तेव्हा सुलभाताईंनी त्याला शिंकायची मनाई आहे याची आठवण करून दिली.

“मी कुठे शिंकतोय?”

“शिंकाल.”

शेवटची वायर लागली. त्र्यंबकरावांनी टोपी सारखी केली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. खोलीत पाच जण होते आणि पाचांनी पाच दिशांना बघितलं. त्र्यंबकराव मदरबोर्डावर वाकले.

सावनी टेबलाला वळसा घालून पाठीमागे गेली. तिथे पॉवर सप्लायला एक छोटा खटका असतो, तो तिनं करंगळीनं वर केला आणि परत आपल्या जागी येऊन उभी राहिली.

“काका, आता एकदा दाबून बघा ना.”

पंखा फिरला. दिवा लागला. स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्र्यंबकरावांनी सावनीकडे बघितलं. तिनं शॉवरकॅप काढली आणि माहितीपत्रकाची घडी घालू लागली.

पुढच्या शनिवारी सकाळी कॉम्प्युटर टेंपीला गेला. सावनीचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मॉनिटर जुना, मोठ्या पाठीचा होता. तो वर नेताना त्र्यंबकराव प्रत्येक वळणावर थांबत आणि निसर्ग बघत असल्याचं दाखवत. वर सावनीची रूममेट यामिनी होती, नागपूरची, भरपूर बोलणारी. मुलींनी वेबकॅम आधीच आणून ठेवला होता. कॉम्प्युटर लागला आणि सावनीनं पुलांचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून आधी नाशिकला जोडणी केली. तिकडे रात्र झाली होती. सीमाताई वेळ ठरवून घराजवळच्या सायबर कॅफेत येऊन बसल्या होत्या.

चित्र आलं ते तुकड्यातुकड्यानं. आधी कपाळ, मग चष्मा, मग अख्ख्या सीमाताई. त्यांनी बाहेर जाताना नेसायची साडी नेसली होती.

“दिसतेय का मी?” त्यांनी ओरडून विचारलं.

“दिसतेयस आई. ओरडू नकोस.”

सुलभाताई पुढे झाल्या. बहिणीला त्यांनी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या काही तरी मोठं बोलतील असं सगळ्यांना वाटलं. “केस का कापलेस?” त्या म्हणाल्या, आणि पदरानं स्क्रीन पुसू लागल्या.

सीमाताईंनी नाक पुसलं आणि आईच्या आवाजात म्हणाल्या, “सावनी, तुझी खोली दाखव. स्वयंपाकघर दाखव. फ्रीजमध्ये काय आहे ते बघू दे मला.”

वेबकॅमची वायर हातभर. स्वयंपाकघर पलीकडे. सावनी म्हणाली, “नाही पोचणार गं, आई. फोटो पाठवते.”

“बरं,” सीमाताई म्हणाल्या. “चालेल.”

ते ‘चालेल’ कुणाकडून आलं होतं हे त्र्यंबकरावांना आता कळलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. मॉनिटरची वायर सोडवली, वाकून कॉम्प्युटरचं सगळं खोकं चालू अवस्थेत पोटाशी उचललं. “यामिनी, एक्स्टेन्शनचा बोर्ड घे. स्पीकर पण घे. सुलभा, नेटची वायर पायात येऊ देऊ नकोस. सावनी, कॅमेरा धर. चला.”

“अहो, कंबर!” सुलभाताई ओरडल्या.

“वायर बघ.”

मिरवणूक निघाली. पुढे कॅमेरा घेतलेली सावनी, मागे पाळण्यातलं मूल धरावं तसं खोकं धरलेले त्र्यंबकराव, त्यांच्या मागे स्पीकर आणि बोर्ड छातीशी धरून यामिनी, आणि शेवटी वायर सोडत येणाऱ्या सुलभाताई. यामिनीच्या हातातून सीमाताईंचा आवाज येत होता. “शेगडी बघू. पुसत जा गं. फ्रीज उघड. हे दूध केव्हाचं? खिडकी? अगंबाई, हिरवं म्हणून काही नाही का तिकडे? त्र्यंबकराव कुठायत?”

“इथेच आहे, ताई,” त्र्यंबकराव म्हणाले. पंखा त्यांच्या पोटावर गरम वारा सोडत होता. “तुम्ही सावकाश बघा.”

“जरा डावीकडे घेता? तिची पलंगाची बाजू राहिली.”

त्र्यंबकराव डावीकडे वळले.